शिरेतून चढत गेलेली गाठ

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. फळछाटणी संपली होती, काडीवर डोळे फुगायला लागले होते आणि तासगाव तालुक्यातल्या आमच्या अडीच एकर द्राक्षबागेत अण्णांचं, माझ्या वडिलांचं, रोजचं औषध मारणं सुरू झालं होतं. त्या सकाळी ब्लोअर बंद करून ते ट्रॅक्टरवरून उतरले, दहा-बारा पावलं चालले आणि बांधावर बसले. आईनं हाक मारली तर हातानंच 'थांब' म्हणाले. बोलायला दम उरला नव्हता.

"काय न्हाय गं, औषध नाकात गेलंय," संध्याकाळी मला फोनवर म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी ते मानलं. तीस वर्षं बागेत फवारणी केलेल्या माणसाला दम लागला तर दुसरं काय सुचणार? डॉक्टरांनाही दुसरं सुचलं नाही. वाफ दिली, मग ओढायचा पंप दिला, खोकल्याची बाटली दिली. छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. 'फुप्फुसं एकदम चांगली आहेत काकांची,' असं सांगून आम्हाला घरी पाठवलं आणि आम्हीही हुश्श केलं.

त्या स्वच्छ एक्स-रेचा सल अजून जात नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत काही अडकलं असेल तर साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, हे मला आज माहीत आहे. करोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र घरात होतं. ते बसल्या जागी ऑक्सिजन ९३ दाखवायचं आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन आलं की ८८. नाडी ११५-१२०. दमा असेल तर पंपानं थोडं तरी हलकं वाटायला हवं होतं. अण्णांना कशानंच वाटत नव्हतं. असे पाच आठवडे गेले.

मग पाय सुजले, दोन्ही. आणि एका पहाटे मोरीत उठून उभं राहताना ते कोसळले. धाकट्या भावानं गाडीत घालून मिरजेला नेलं, मी विट्याहून थेट तिथं पोहोचले.

मिरजेच्या फिजिशियननी पंपाकडे पाहिलंही नाही. मानेच्या शिरा पाहिल्या, पायावर बोट दाबून पाहिलं आणि लगेच टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला. हृदयाची उजवी बाजू फुगली होती. उजवी बाजू फुप्फुसाकडे रक्त ढकलते. पुढे वाट अडली की ती ताणली जाते. रक्तात गुठळी असल्याचा इशारा देणारा डी-डायमर खूप वाढलेला. त्याच दुपारी रंगद्रव्य टोचून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी काढला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाला जाणाऱ्या मोठ्या फांदीत काहीतरी अडकलं होतं आणि डावीकडे दोन लहान फांद्यांत तसंच.

पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी. रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू झालं: वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे अण्णांना ६०, पोटाच्या कातडीखाली, सकाळ-संध्याकाळ. अशा गुठळ्या बहुतेक पायांच्या शिरांतून येतात, म्हणून पायांच्या शिरांची सोनोग्राफी, डॉपलर, केली. तिथं काहीच नव्हतं. अण्णा कुठं अंथरुणावर पडून नव्हते, लांबचा प्रवास नव्हता, कसलं ऑपरेशन नव्हतं. मग ही गुठळी आली कुठून?

उत्तर एका रेडिओलॉजिस्टनी दिलं. त्यांना मी कधी भेटले नाही. छातीचा सीटी काढताना शेवटच्या चार-पाच चित्रांत पोटाचा वरचा भाग थोडासा येतो. तिथं उजव्या किडनीचा वरचा कोपरा त्यांना फुगलेला दिसला. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन ते थांबले असते तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी फिजिशियनना फोन केला: पोट बघा.

फिजिशियन वॉर्डात आले आणि अण्णांच्या खाटेशी बसले. "काका, लघवीतून कधी लाल गेलं होतं का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जरा भाईर थांब."

मी पडद्याच्या मागे थांबले. ऐकणं बरोबर नव्हतं, पण मी ऐकलं. एप्रिलमध्ये खरडछाटणीच्या वेळी दोन दिवस लघवी लालभडक झाली होती. दुखत नव्हतं. उन्हाळी लागली असेल म्हणून त्यांनी सब्जा घेतला, धन्या-जिऱ्याचं पाणी घेतलं आणि तिसऱ्या दिवशी आपोआप थांबलं. आईलाही सांगितलं नाही. दिवाळीच्या आसपास उजव्या अंडाच्या वर शिरांचा झुबका फुगला होता, आडवं पडलं तरी बसत नव्हता. तो तर सांगायचा विषयच नव्हता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे दोन्ही आधी कळलं असतं तर बरं झालं असतं काका, पण आता सांगितलंत हेही खूप आहे." पडद्यामागे उभी असताना मला रडू आलं ते रोगाच्या भीतीनं नव्हे. माझा बाप रक्त बघून सहा महिन्यांहून जास्त गप्प राहिला होता.

पोटाच्या सीटीत उजव्या किडनीत ९ सेंटिमीटरची गाठ निघाली. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची होती. ती गाठ किडनीच्या शिरेत शिरली होती आणि शिरेतून पोटातल्या महाशिरेत, म्हणजे पायांपासून हृदयाकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या सगळ्यात मोठ्या नळीत, बोटासारखी वर चढत गेली होती. किडनीच्या कॅन्सरला ही खोडच आहे. शंभर रुग्णांतल्या साधारण चार ते दहा जणांत तो असा शिरेच्या वाटेनं वाढतो. उजवीकडचा जास्त, कारण उजव्या किडनीची शीर जेमतेम दोन-चार सेंटिमीटरची, डावीकडची त्याहून बरीच लांब. महाशिरेतून पुढे हृदयाचा उजवा कप्पा, तिथून फुप्फुसाची धमनी. त्या चढलेल्या बोटाचा तुकडा तुटला तर रक्तासोबत वाहत तो थेट फुप्फुसातच जाणार. सहसा तो तुटत नाही. अण्णांचा तुटला होता.

फिजिशियननी केसपेपरच्या पाठीमागे पेनानं हे काढून दाखवलं. अण्णा बराच वेळ कागद निरखत होते. मग म्हणाले, "म्हंजी मेन लायनीत गाळ आला आन् लॅटरल तुंबली."

"गाळ नाही काका. शेवाळ धरा. गाळ असतो तिथं बसतो, शेवाळ वाढतं."

ठिबकवर आयुष्य काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही. मलाही तिथंच कळलं की पोटात टोचतोय ते इंजेक्शन नेमकं काय करतं. फुप्फुसात अडकलेला तुकडा ट्यूमरचा असू शकतो. त्याच्याभोवती रक्त गोठणं त्या औषधानं थांबेल, नवी गुठळी बसणार नाही. पण ट्यूमर त्या औषधानं विरघळत नाही. सीटीत तसा इशाराही होता: साध्या गुठळीत रंगद्रव्य शिरत नाही, ह्या तुकड्यात थोडं शिरलं होतं. म्हणजे त्याला स्वतःचा रक्तपुरवठा होता.

पुढचे दहा-बारा दिवस आमच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते, आणि त्याला कारण नुसता रोग नव्हता. एका रुग्णालयात गुठळी विरघळवणारं जोरकस औषध द्यायचा आग्रह झाला. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला ते जीवदान ठरतं, पण अण्णांचा दाब नीट होता, अडकलेला माल बहुधा ट्यूमरचा होता आणि किडनीतली गाठ रक्तस्रावाला टेकलेली होती. मिरजेच्या फिजिशियनना फोन केला, त्यांनी स्पष्ट 'नको' सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी रिपोर्ट वरवर चाळून एक डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात गेलाय. चौथी स्टेज. घरी न्या, जे खायचं ते खाऊ द्या." आई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

फुप्फुसात जाणं आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकणं ह्या दोन गोष्टी एक नाहीत. फुप्फुसाच्या मांसात रुजलेल्या गाठी अण्णांना नव्हत्या. नळीत वाहून आलेला तुकडा होता. तो पुढे रुजणारच नाही अशी हमी कुणीच देत नाही. पण जे काढता येण्यासारखं आहे त्याला 'काढता येत नाही' म्हणून घरी पाठवणं हे मला अजून माफ करता येत नाही.

मुंबईला जायचं ठरलं ते माझ्या काकांमुळं. ते माथाडी कामगार, कोपरखैरण्याला राहतात. दोन खोल्यांत त्यांची चार माणसं, आम्ही तिघं वाढलो. काकूनं एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

मुंबईच्या त्या रुग्णालयात पहिल्यांदाच एका टेबलाभोवती कॅन्सर सर्जन, हृदयाचे सर्जन, यकृताचे सर्जन, भूल देणारे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसलेले पाहिले. तोवर आम्ही हाच कागद घेऊन एकेका खिडकीतून फिरत होतो. कॅन्सरची जागा उजळून दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये किडनी उजळली, महाशिरेतलं बोट उजळलं आणि फुप्फुसातला उजवीकडचा तुकडाही उजळला. हाडं आणि यकृत स्वच्छ होतं. मग नव्यानं एमआरआय केला, कारण ही गाठ चढत असते आणि महिन्यापूर्वीच्या चित्रावर कुणी सर्जन विसंबत नाही. मिरजेच्या सीटीत टोक यकृताच्या शिरांच्या खाली होतं. २४ दिवसांनी ते त्या शिरांच्या तोंडाशी पोहोचलं होतं.

मी तिथल्या एका तरुण डॉक्टरांना विचारलं, असं किती जणांना होतं? त्यांनी सांगितलं, शिरेत चढलेले रुग्ण नियमित येतात, फुप्फुसापर्यंत तुकडा गेलेले फार थोडे. आणि एक प्रकार याहूनही दुर्मीळ: ट्यूमरच्या पेशी सुट्या सुट्या जाऊन फुप्फुसाच्या केसाएवढ्या धमन्यांत बसतात, भिंती जाड होतात, जागोजागी गुठळ्या धरतात आणि फुप्फुसातला दाब चढत जातो. पल्मनरी ट्यूमर थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपथी म्हणतात. जास्त करून तो पोटाच्या, म्हणजे जठराच्या, कॅन्सरमध्ये दिसतो, किडनीच्या क्वचितच. मोठ्या धमन्या सीटीत मोकळ्या दिसतात आणि रुग्ण मात्र दिवसेंदिवस धापा टाकत जातो. अण्णांना तो नव्हता. मी त्या रात्री तेवढ्यासाठीच देवापुढे दिवा लावला.

संमतीच्या आदल्या दिवशी मोठ्या सर्जननी आम्हाला बसवून सांगितलं. एवढ्या वर चढलेल्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये शंभरातले पाच ते दहा जण ऑपरेशनच्या आसपास दगावतात. फुप्फुसाच्या धमनीचं काम जोडलं की धोका वाढतो. ऑपरेशन केलं नाही तर काळ महिन्यांत मोजायचा, आणि मधेच मोठा तुकडा सुटला तर तेवढाही नाही. अण्णांनी सगळं ऐकलं. "तुमचा हात किती लोकांवर फिरलाय ह्यात?" त्यांनी विचारलं. सर्जन रागावले नाहीत. पोटापुरतं असलेलं काम बरंच केलंय, फुप्फुसासकट हातावर मोजण्याइतकं, असं खरं ते बोलले. अण्णांनी सही केली. मला वाटतं, त्यांनी आकडा फुगवला असता तर अण्णा उठून गेले असते.

पैशाचं थोडक्यात सांगते. किडनी काढण्याचा खर्च सरकारी योजनेत बसत होता. हृदय-फुप्फुस यंत्रावरचं हे जोडकाम कुठल्याच एका खान्यात बसेना. भावानं सोसायटीचं कर्ज उचललं, माझ्या पीएफमधून काही काढलं, द्राक्ष व्यापाऱ्यानं माल बघायच्या आधी उचल दिली. रक्ताच्या १५ पिशव्यांची तयारी ठेवायला सांगितली होती. गावातली नऊ पोरं रात्रभर प्रवास करून आली, रक्त देऊन, वडापाव खाऊन त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेली, कारण दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या बागेत डिपिंगचं, घड औषधात बुडवायचं, काम होतं.

शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या २४ तास आधी टोचलं. सकाळी साडेसातला अण्णांना आत नेलं. आतलं सगळं मला नंतर कळलं. डिस्चार्जच्या वेळी मी ऑपरेशन नोटची प्रत मागून घेतली आणि शब्दकोश घेऊन वाचली. भूल दिल्यावर अन्ननलिकेतून एकोची नळी उतरवली होती. शिरेतलं टोक हलतंय का, तुटतंय का, हे त्या पडद्यावर शेवटपर्यंत एक डॉक्टर नुसते बघत होते. पोट उलट्या व्ही आकारात उघडलं. सगळ्यात आधी किडनीची धमनी बांधली, म्हणजे गाठीचं पाणी तोडलं. यकृत सोडवून डावीकडे वळवलं, तेव्हा कुठं महाशीर उघडी पडली. मग छातीचं हाड कापून हृदय-फुप्फुस यंत्र जोडलं आणि शरीर २० अंशांपर्यंत थंड केलं. डोक्याभोवती बर्फ ठेवला. मग रक्ताभिसरण थांबवलं.

नोटमध्ये तिथं फक्त आकडा आहे: १९ मिनिटं. तेवढ्या वेळात महाशीर उभी कापून ते बोट एकसंध बाहेर काढलं आणि फुप्फुसाची धमनी उघडून उजवीकडचा तुकडा काढला. डावीकडचे दोन फार आत होते, ते ठेवून दिले. १९ मिनिटं माझ्या बापाचं हृदय चालत नव्हतं, रक्त फिरत नव्हतं, आणि मी त्याच वेळी खाली आईला चहा प्यायचा आग्रह करत होते.

थंड केलेलं रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळं गरम करताना रक्तस्राव आवरेना. १५ पैकी ११ पिशव्या लागल्या. संध्याकाळी सात वाजता सर्जन बाहेर आले, टोपी हातात, आणि म्हणाले, "झालं. आता उरलेल्या किडनीची वाट बघायची."

पहिले दोन दिवस लघवी फार कमी झाली. डायलिसिसचं यंत्र खाटेशी आणून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी पिशवीत पिवळं पाणी उतरायला लागलं तेव्हा आयसीयूतल्या केरळच्या सिस्टरनी मला काचेतून अंगठा दाखवला. व्हेंटिलेटर निघाल्यावर अण्णा दोन रात्री भ्रमात होते. "व्हॉल बंद कर, पाणी बांधावर गेलं," असं ओरडायचे, नळ्या उपटायला जायचे. हात बांधावे लागले. ते बांधलेले हात मला अजून झोपेत दिसतात. सहाव्या दिवशी वॉर्डात आणलं आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो द्राक्षावरच्या रोगाचा: "डाऊनी आली का?"

गाठीचा रिपोर्ट पंधरा दिवसांनी आला. क्लिअर सेल कार्सिनोमा, किडनीच्या कॅन्सरचा एक प्रकार, ग्रेड ३. महाशिरेच्या भिंतीत तो शिरलेला नव्हता, नुसता आत तरंगत होता. ही मोठी गोष्ट. फुप्फुसातून काढलेला तुकडा त्याच जातीचा, वर ताज्या रक्ताची साल. पाच आठवडे ज्याला आम्ही औषधाचा वास म्हणत होतो ते ते होतं.

त्यानंतर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढायला लावणाऱ्या औषधाचा, विषय निघाला. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, साधारण वर्षभर. रोग परतण्याचा धोका त्यानं कमी होतो, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं आणि एका सलाईनची किंमतही सांगितली. कंपनीची मदत धरूनही ते आमच्या आवाक्याबाहेर होतं, आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, उरलेल्या एका किडनीवर, वाढून १.६ वर होतं. आम्ही दर तीन महिन्यांनी सीटी करत लक्ष ठेवायचं ठरवलं. हा निर्णय बरोबर होता का, हे मी कितीतरी रात्री स्वतःला विचारलंय. अण्णांनी विचारलेलं नाही.

आज वर्ष होत आलं. फवारणी भाऊ करतो. अण्णा घरापासून विहिरीच्या मोटरीपर्यंत जातात, मधे एकदा चिंचेखाली थांबतात. बोटाचं यंत्र ९६ दाखवतं. डावीकडचे ते दोन लहान तुकडे अजून तिथंच आहेत, मागच्या तीन सीटींत वाढलेले नाहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कापडात गुंडाळलेली छाती आता उघडी असते, पण ढगाळ हवा आली की मधलं हाड दुखतं म्हणतात.

परवा चौथ्या सीटीला मीच घेऊन गेले. उजव्या हाताच्या शिरा टोचून टोचून मिळेनाशा झाल्यात, म्हणून त्यांनी आपण होऊन डावा हात पुढे केला. टेबलावर आडवं झाल्यावर पट्टा बांधणाऱ्या पोराला म्हणाले, "पोरा, छातीचा काढताना जरा खालपातूर घे."

"कागदावर दोन्ही लिहिलंय काका. छाती आणि पोट."

"व्हय, पर तू खालपातूर घे."